मुठीएवढा प्राणी, टेबलाएवढं घर

ड्वार्फ हॅमस्टर हा बघायचा प्राणी आहे. हातात घेऊन कुरवाळण्याची, मांडीवर बसवण्याची हौस असेल तर गिनीपिग आणा, तो माणसाच्या सहवासात जास्त रमतो. वीस ते पन्नास ग्रॅम वजनाचा हा बुटका हॅमस्टर मात्र दिवे लागणीला जागा होतो, रात्रभर धावतो, खणतो, गालांत दाणे भरून कोठारात नेऊन टाकतो आणि उजाडल्यावर झोपतो. ही सगळी धावपळ नीट दिसेल असं घर त्याला दिलं, तर टीव्ही बंद करून त्याच्यासमोर बसावंसं वाटतं. बुटाच्या खोक्याएवढ्या रंगीत पिंजऱ्यात कोंडला, तर तो गज कुरतडत बसतो. मुलांना ते गमतीचं वाटतं, पण ती गंमत नव्हे.

म्हणून आणण्याआधी घरात एकदा स्पष्ट बोलणं व्हावं. पहिलीतल्या मुलाच्या हट्टासाठी हॅमस्टर आणायचा असेल, तर त्याची सगळी कामं आई-बाबांनाच करायची आहेत हे आधीच मान्य करा. आजीचा "उंदीर कशाला पाळायचा घरात?" हा प्रश्नही हसण्यावारी नेऊ नका. वास, मुंग्या, खरे उंदीर, यांबद्दलची तिची शंका रास्त असते. तिचं उत्तर पुढे येईलच.

दुकानात 'ड्वार्फ' म्हणून जे मिळतं त्यात साधारण तीन जाती असतात. कॅम्पबेलचा हॅमस्टर मूळचा मंगोलिया आणि ईशान्य चीनच्या गवताळ प्रदेशातला. 1905 साली ओल्डफिल्ड थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 'विंटर व्हाइट' हा कझाकस्तान आणि नैर्ऋत्य सायबेरियाचा. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान झाले की त्याचा करडा कोट पांढरा होतो. तिसरा रोबोरोव्स्की, दुकानदारांच्या भाषेत 'रोबो'. गोबी वाळवंटाच्या आसपासचा, पाठीला कसलाही पट्टा नसलेला, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया असल्यासारखा. तो पाच सेंटिमीटरच्या आसपास, वीस-पंचवीस ग्रॅमचा. बाकीचे दोघे आठ-दहा सेंटिमीटर आणि 30 ते 50 ग्रॅमचे. कधीकधी जरा लांब शेपटीचा चिनी हॅमस्टरही याच नावाने विकला जातो, पण तो वेगळ्या प्रजातीतला आहे.

कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांचा संकर होतो आणि बाजारातले बरेचसे 'विंटर व्हाइट' तसेच असतात. हे समजून असावं, कारण कॅम्पबेल आणि त्याच्या संकरित पिल्लांना मधुमेहाची खोड आहे. आहाराच्या भागात त्यावर येतोच. आयुष्य म्हणाल तर दीड ते दोन वर्षं. रोबो तीनपर्यंत जातो. माझं मत विचाराल तर फक्त बघण्यासाठी रोबोसारखा प्राणी नाही. त्याला हाताळणं जवळजवळ अशक्य, इतका तो चपळ आणि बुजरा. थोडीफार माणसाळण्याची अपेक्षा असेल तर विंटर व्हाइट बरा.

आता जोडीबद्दल. "एकटा कंटाळेल, जोडी घ्या" हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. ऐकू नका. नर-मादीची जोडी असेल तर 18 ते 22 दिवसांत पिल्लं होतात, एका वेळी चार-सहा किंवा त्याहून जास्त. आणि प्रसूतीनंतर लगेच, पहिली पिल्लं पाजत असतानाच, मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः वयात येतात. हिशेब तुम्हीच करा. कॅम्पबेल जातीत नर प्रसूतीला मदत करतो, पिल्लं चाटून स्वच्छ करतो, हे कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या कॅथरीन विन-एडवर्ड्स यांच्या संशोधनातून पुढे आलं. सस्तन प्राण्यांमध्ये ही फारच दुर्मीळ गोष्ट. पण त्या कौतुकापायी घरात पिल्लावळ वाढवू नये. दोन नर किंवा दोन माद्या ठेवल्या तरी काही महिने गुण्यागोविंदाने राहून एका रात्री रक्त निघेपर्यंत भांडण होऊ शकतं. घरी नसताना ते झालं तर सकाळी एकच शिल्लक सापडतो. एका घरात एकच हॅमस्टर, हा साधा नियम पाळा. तो एकटा कंटाळत नाही.

घर आधी, हॅमस्टर नंतर

जर्मनीतली प्राणिकल्याणासाठी काम करणारी पशुवैद्यकांची संघटना हॅमस्टरसाठी किमान 100 सेंटिमीटर लांब, 50 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर उंच घर सुचवते. म्हणजे साधारण सव्वातीन फूट बाय पावणेदोन फूट. आपल्याकडच्या दुकानातला नळ्या-घसरगुंड्यांचा दुमजली पिंजरा याच्या जवळपासही येत नाही. हॅमस्टरला मजले नकोत, जमीन हवी. उंचावरून पडला तर पाय मोडतो, कारण उंचीची जाण त्याला फारशी नसते.

मग असं घर आणायचं कुठून? फिशटँक बनवणारा काचवाला गाठा. मासे ठेवायचे नाहीत असं सांगितलं तर पातळ काचेत, गळतीची चिंता न करता, स्वस्तात करून देतो. वर झाकणाला काच नको, लाकडी चौकटीत बसवलेली बारीक स्टीलची जाळी हवी. पुणे-मुंबईच्या उकाड्यात एक बाजूही जाळीची करून घ्या, म्हणजे हवा खेळती राहील. दुसरा मार्ग म्हणजे मोठं प्लास्टिकचं साठवणीचं खोकं, झाकण आणि एक बाजू कापून जाळी बसवलेलं. गजांचा पिंजरा असेलच तर दोन गजांमधली फट सहा-सात मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रोबोचं डोकं जिथून जातं तिथून तो सगळा जातो.

तळाशी भरण भरपूर हवी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात सोनेरी हॅमस्टरवर झालेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. 10, 40 आणि 80 सेंटिमीटर खोल भरण दिलेल्या प्राण्यांची त्यात तुलना होती. 10 सेंटिमीटरवाले गज कुरतडण्यात सर्वांत जास्त वेळ घालवत होते. ड्वार्फ हॅमस्टर आकाराने लहान असले तरी बिळातच राहणारे आहेत. निदान घराच्या अर्ध्या भागात 20-25 सेंटिमीटर भरण द्या. बोगदा टिकला पाहिजे, म्हणून कागदाच्या पट्ट्या, साधा टिश्यू आणि वाळलेलं गवत यांचे थर दाबून घाला.

वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. त्यात बारीक धूळ असते आणि कुठल्या लाकडाचा आहे ते कळत नाही. देवदार, पाइन यांसारख्या वासाच्या लाकडाचा भुसा श्वासाला त्रास देतो. कापूस तर अजिबात नको. आपल्याकडे मायेपोटी हमखास 'गादी' म्हणून कापूस घातला जातो. त्याचे धागे पायाला गुंडाळतात, गालाच्या पिशवीत अडकतात, पोटात गेले तर आतडं बंद होतं. साधा, वास नसलेला टिश्यू फाडून टाका. तो स्वतः ओढत नेऊन घरटं करतो, आणि ते बघायला मजा येते.

चाक हवंच. ते भरीव पृष्ठभागाचं असावं, तारांचं नको, कारण तारांत पाय अडकतो. रोबोला 15-16 सेंटिमीटर आणि इतरांना 18-20 सेंटिमीटर व्यासाचं. धावताना पाठ वाकलेली दिसली तर चाक लहान आहे. बाजारात मिळतो तो पारदर्शक गोळा, ज्यात हॅमस्टर कोंडून घरभर सोडतात, घेऊ नका. त्याला त्यातून नीट दिसत नाही, वास येत नाही, थांबता येत नाही.

बाकीचं सामान आपल्या घरात असतं. नारळाच्या करवंटीला चार-पाच सेंटिमीटरचं भोक पाडून कडा घासून घेतल्या की झोपायची खोली झाली. मातीची छोटी कुंडी आडवी पुरली की उन्हाळ्यातली गार गुहा झाली. टिश्यूच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, अंड्याचा ट्रे, सालीसकट पेरूची वाळलेली फांदी. दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे कुरतडायला काहीतरी लागतंच.

आणि वाळू. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ कधीही घालायची नाही. अंगावरचं तेल जातं, गारठा बसतो, तेवढ्यानेही तो दगावू शकतो. तो वाळूत लोळून स्वच्छ होतो. नदीची वाळू चाळून, चार-पाच पाण्यांतून धुऊन, जुन्या कढईत कडक तापवून, पूर्ण गार झाल्यावर पसरट भांड्यात ठेवा. पिठासारखी बारीक पूड नको, ती फुप्फुसात जाते. बरेच हॅमस्टर लघवीही त्याच भांड्यात करतात आणि आजीच्या वासाच्या तक्रारीवर अर्धा तोडगा तिथेच निघतो. ओली वाळू रोज चमच्याने काढायची. उरलेलं घर मात्र दर आठवड्याला सगळं उपसून साबणाने धुऊ नका. त्याला स्वतःचा वास ओळखीचा लागतो. महिन्या-दीड महिन्याने एक तृतीयांश भरण बदलली तरी पुरतं.

मुंग्यांसाठी जुनी युक्ती: टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. कीटकनाशक खडूची रेघ, फवारा, डासांची कॉइल, उदबत्ती-धूप हे सगळं त्या खोलीत बंद. ओला तुकडा कोठारात कुजू दिला नाही तर मुंग्याही फारशा येत नाहीत आणि बाहेरचे उंदीरही. देवघर आणि हॅमस्टर एकाच खोलीत असतील तर हॅमस्टरने खोली बदलावी.

आपला उन्हाळा

थंड गवताळ प्रदेश आणि वाळवंटातल्या बिळांसाठी घडलेला हा प्राणी आहे. त्याला 18 ते 24 अंश सेल्सिअस मानवतं. 28-30च्या वर गेलं की त्रास सुरू होतो, आणि दमट हवेत आणखी लवकर. नागपूर-अकोल्याचा मे महिना किंवा मुंबईचा ऑक्टोबर डोळ्यांपुढे आणा. हॅमस्टरला घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याने त्याला फारसा गारवा मिळत नाही.

तेव्हा प्रामाणिकपणे विचारा: उन्हाळ्यात दुपारीही गार राहील अशी एखादी खोली घरात आहे का? पत्र्याच्या छपराचं घर, पश्चिमेची गॅलरी, काचेतून ऊन येणारी खिडकी इथे हॅमस्टर टिकणार नाही. उत्तर 'नाही' असेल तर पाळू नका. या एका प्रश्नाला मी पिंजऱ्याहूनही जास्त महत्त्व देतो.

एसी असेल तर 24-25 वर स्थिर ठेवा, झोत घरावर येऊ देऊ नका. विदर्भात कूलर चालतो, पण त्याची ओली हवा थेट अंगावर नको. कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा हातभर तुकडा फ्रीजमध्ये गार करून घरात ठेवा, तो त्यावर पोट टेकून पसरतो. दुसरा तुकडा फ्रीजमध्ये असू द्या, आलटूनपालटून. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून, काचेच्या बाहेरच्या बाजूला टेकवून ठेवा. खोल भरण इथेही कामी येते, कारण बिळाच्या तळाशी गारवा टिकतो. वीज जाते त्या भागात गोठवलेल्या दोन बाटल्या नेहमी तयार हव्यात.

हॅमस्टर आडवा पडून धापा टाकतोय, तोंडाभोवती लाळेने ओलं झालंय, उचलला तर लुळा लागतोय, ही उष्माघाताची लक्षणं. लगेच गार खोलीत न्या, साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाय आणि कान ओले करा, डॉक्टरांकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका.

थंडीचा धोका उलट्या बाजूचा. निफाड किंवा महाबळेश्वरच्या गारठ्यात पारा फार उतरला आणि खायला कमी पडलं, तर हॅमस्टर गुंगीत जातो. अंग गार, श्वास जवळजवळ दिसत नाही. पुष्कळ लोक तो मेला असं समजून पुरून येतात. घाई करू नका. कोमट हातांत, मऊ फडक्यात अर्धा तास धरून ठेवा. मिशा हलल्या की जिवंत आहे. मग पशुवैद्याला दाखवा आणि खोली उबदार करा.

ताटात काय

ज्यांच्या घरी बाजरी, ज्वारी, नाचणी, वरई, राळे असतात त्यांना हॅमस्टरचं अर्धं खाद्य विकत आणावं लागत नाही. बारीक दाण्याची ही धान्यंच त्याच्या रानातल्या आहाराच्या सर्वांत जवळची. त्यात थोडे ओट्स, थोडं जवस, चिमूटभर तीळ घाला. सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया आठवड्याला दोन-तीन. त्या त्याला इतक्या आवडतात की बाकीचं सोडून तेवढ्याच वेचतो आणि लठ्ठ होतो. एक गोष्ट बघा: साठवणीच्या धान्याला बोरिक पावडर किंवा एरंडेल लावलेलं नाही ना? तसलं धान्य त्याला देऊ नका. वेगळी पाव किलोची पुडी आणून डब्यात ठेवा. दिवसाला सपाट चमचाभर मिश्रण पुरतं. वाटीत घालण्याऐवजी भरणीवर उधळून द्या, शोधण्यात त्याची संध्याकाळ जाते. पाणी चोवीस तास हवं.

हॅमस्टर शाकाहारी नाही, ही गोष्ट काही घरांत अडचणीची ठरते. रानात तो किडे खातो आणि त्याला बऱ्यापैकी प्रथिनं लागतात. उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा, किंवा सुके मीलवर्म. अंडं घरात चालत नसेल तर बिनमिठाचं पनीर, शिजवलेले हरभरे आणि त्यासोबत हॅमस्टरसाठी बनवलेलं तयार खाद्य द्या. नुसत्या बाजरीवर त्याला ठेवू नका.

काकडी, कोथिंबीर, फ्लॉवर, ब्रोकोली नखाएवढी. फळं ड्वार्फला न दिलेलीच बरी, मधुमेहामुळे. केळं, आंबा, द्राक्ष, गूळ, बिस्कीट, मधाने चिकटवलेल्या कांड्या हे सगळं बाद. रंगीत पाकिटावर हॅमस्टरचं चित्र असलं तरी बाद. कांदा, लसूण, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, लिंबू-संत्रं, चॉकलेट आणि मीठ-मसाल्याचं काहीही कधीच नको.

ओळख आणि आजार

आणल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावू नका. मग संध्याकाळी, तो स्वतः जागा झाल्यावर, हात भरणीवर सपाट ठेवून तळव्यावर एक बी ठेवा. हात वरून आणलात तर त्याच्या लेखी ती घार असते. बाजूने, खालून न्या. उचलायचंच असेल तर मगमध्ये चालत येऊ द्या आणि नेहमी जमिनीवर बसून. झोपेतून उठवलेला हॅमस्टर चावतो आणि त्यात त्याची चूक नाही. चावा किरकोळ असतो, साबणाने धुवा. पण हॅमस्टरच्या चाव्याने तीव्र ॲलर्जी उद्भवल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत, विशेषतः जपानमधून, आहेत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आणण्याआधी डॉक्टरांशी बोला.

खरेदीला संध्याकाळी जा. डोळे टपोरे, नाक आणि शेपटीखालचा भाग कोरडा, चाल सरळ हवी. केंद्र सरकारच्या 2018च्या पेट शॉप नियमांत हॅमस्टरचा उल्लेख स्पष्ट आहे आणि अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद मागा. एका पिंजऱ्यात वीस कोंबलेले असतील तर मादी गाभण निघण्याची शक्यता मोठी. कुणाला नकोसा झालेला हॅमस्टर मिळाला तर त्याहून उत्तम.

हॅमस्टर आजार लपवतो, त्यामुळे वजनकाटा हेच तुमचं खरं साधन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून दर आठवड्याला वजन लिहा. चाळीस ग्रॅमच्या प्राण्यात चार ग्रॅमची घट म्हणजे दहा टक्के, लगेच डॉक्टर. अचानक खूप पाणी पिऊ लागला, लघवी वाढली, तर मधुमेहाची शंका घ्या. औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणाऱ्या लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या इथेही उपयोगी पडतात. जुलाब झाले तर वाट बघू नका, काही तासांत पाणी कमी होऊन तो जातो.

आणि घरातली उरलेली अँटिबायोटिकं देऊ नका, ही तंबी मोठ्या अक्षरांत. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही आपल्याला चालणारी औषधं तोंडावाटे दिली तर हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी दगावतो. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर हॅमस्टर बघतात असं नाही. ससे, पक्षी, कासवं बघणारा पशुवैद्य शोधून, त्याचा नंबर आणण्याआधीच फोनमध्ये ठेवा.

दिवाळीत काय कराल? घराच्या सर्वांत आतल्या खोलीत हलवा, वर चादर अर्धवट टाका, भरण वाढवा. मे महिन्यात गावी जाताना एसटीच्या प्रवासात त्याला सोबत नेऊ नका. रोज संध्याकाळी येऊन पाणी, दाणे आणि खोलीचं तापमान बघेल असा शेजारी हवा, आणि त्याच्या हातात गार फरशीची सूचना लिहून द्या.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हॅमस्टर पाळायला परवानगीच नाही आणि अमेरिकेत हवाई राज्यातही बंदी आहे, कारण सुटलेले प्राणी शेतीचं नि रानाचं नुकसान करतील ही भीती. मेलबर्न किंवा ऑकलंडची बदली ठरली असेल तर इथे हॅमस्टर आणण्याआधी विचार करा. आणलेला असेल तर त्याला सांभाळणारं घर व्हिसाच्या अर्जाबरोबरच शोधायला घ्या.